जुनं घर घेताय? आधी एक पावसाळा काढा

कोकणातलं जुनं घर घेतल्यापासून आम्हाला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, पाडून नवीन का नाही बांधलं? पुण्याचे मित्र विचारतात, नवऱ्याच्या ऑफिसातले विचारतात आणि गावातले तर हमखास विचारतात, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक कौलारू घर जाऊन तिथे स्लॅब आलाय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते. शिवाय आमच्यासारखी बरीच जोडपी सध्या कोकणात जुनी घरं बघत फिरतायत, त्यांनाही उपयोग होईल.

घर दापोली तालुक्यात, केळशीकडे. पाखाडीच्या पायऱ्या चढून गेलं की गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला बेडं म्हणजे फाटक, आत अंगण, चिऱ्याचं कमरेएवढं उंच जोतं, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि न्हाणी, वर माळा आणि पाठीमागे उतरत गेलेलं नारळी-पोफळीचं आगर. खांब सागवानी, दारं फणसाची, वासे बरेचसे किंजळीचे आणि ऐनाचे. शंभरीच्या आसपासचं घर आहे असं विकणारे सांगतात. शेवटची कितीतरी वर्षं ते फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडायचं.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण लोक घराच्या प्रेमात पडतात आणि उतारे नंतर बघतात. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नसतो, तो फक्त ग्रामपंचायतीच्या करापुरता असतो. घराखालची जागा कोणाच्या नावावर आहे ते सातबारावर किंवा, गावठाणात असेल आणि मोजणी झालेली असेल तर, प्रॉपर्टी कार्डवर बघायचं, आणि सातबारातला इतर हक्काचा रकाना नीट वाचायचा, तिथे कूळ (जमीन कसणाऱ्याचा हक्क), बोजा (जमिनीवरचं कर्ज) असलं काही लपलेलं असतं. विहिरीवर आणि पायवाटेवर कोणाची वहिवाट आहे ते मात्र शेजारी जाऊन बसून विचारायचं. आमच्या विहिरीवर शेजारच्यांचा पाण्याचा हक्क आहे, तो आम्ही खरेदीखतात स्पष्ट लिहून घेतला, त्यांनाही बरं वाटलं आणि आम्हालाही. आगर शेतजमीन असल्यामुळे १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी लागतो. नवऱ्याच्या नावावर साताऱ्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे म्हणून आगर त्याच्या नावावर झालं. घर आणि घराखालची जागा मात्र दोघांच्या नावावर. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून आहे ती, पण आम्हाला दोघांची नावं एकाखाली एक हवी होती आणि ते आम्ही ठरवूनच केलं.

खरा वेळ गेला तो वारसांच्या सह्यांत. कोकणातलं घर म्हणजे सामायिक खातेदारांची रांग असते, कोणी ठाण्याला, कोणी बडोद्याला, कोणी वारलेलं आणि त्यांच्या मुलांची नोंदच नाही. काही ब्रोकर अजूनही म्हणतात की बहिणींच्या सह्या राहू द्या, त्या कुठे येतायत विचारायला. अजिबात ऐकू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही किंवा रीतसर हक्कसोडपत्र नसेल तर तो व्यवहार अर्धवटच. मला तर हे कायद्याच्याही पलीकडे वाटतं. विकणाऱ्यांत एक आत्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, ह्याच घरात जन्मलेल्या, त्या सही करायला व्हीलचेअरवरून आल्या आणि त्यांनी एवढंच मागितलं की तुळस हलवू नका. तुळस जिथे होती तिथेच आहे.

आता दुरुस्तीचं. घर ताब्यात आलं तेव्हा आमच्या हातात शहरातल्या एका कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट होतं, सगळ्या भिंतींना सिमेंट प्लास्टर, जमिनीला व्हिट्रिफाइड, खोल्यांना पीओपीचं सीलिंग, पश्चिमेची भिंत फोडून मोठी खिडकी. त्याच सुमारास गावातले सुतारकाका घर बघायला आले, त्यांच्या वडिलांनी ह्या घराचे वासे बदललेले. ते माळ्यावर चढले, प्रत्येक वाशाला हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकत गेले, खाली आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, एक पावसाळा काढा नि मग मला बोलवा. आत्ता जे सांगीन ते अंदाजानं सांगीन." कामाला आलेला माणूस काम पुढे ढकला म्हणतोय म्हटल्यावर आम्ही ते ऐकलं. एप्रिल-मेमध्ये फक्त शाकारणी करून घेतली, म्हणजे सगळी कौलं उतरवून, साफ करून, फुटकी काढून, कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलून परत लावायची, आणि वायरिंग नवीन केलं कारण जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरींचं आवरण हाताला लागलं की भुगा होत होतं. अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ह्याला थांबायचं कारणच नाही, ते पहिल्या आठवड्यात करा.

आणि मग पावसाळा. कोकणात पाऊस किती पडतो हे आकड्यात सगळ्यांना माहीत असतं, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण तो घरावर कसा पडतो हे जुलैत त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. तो वरून कमी आणि आडवा जास्त येतो, नैऋत्येकडून, समुद्रावरून, वाऱ्यासकट. पश्चिमेच्या भिंतीत एकच बारकी खिडकी का आहे आणि बाहेरून झापांची झड (विणलेल्या झावळ्यांचा आडोसा) बांधायला खुंट्या का आहेत ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात लख्ख समजलं. तिथे समुद्राच्या बाजूला मोठी काच हवी हा नवऱ्याचा फार लाडका विचार होता आणि त्यावरून आमचं बरंच वाजलंही होतं. एका रात्री त्या भिंतीवर पाणी बादल्या फेकल्यासारखं आपटत होतं आणि आतून भिंत कोरडी होती, त्यानंतर तो विषय त्याने स्वतःच सोडला. नंतर आम्ही काच पूर्वेला आगराच्या बाजूला टाकली, तिथून सकाळचं ऊन येतं आणि पाऊस येत नाही.

गळतीचंही तसंच. माळ्यावर खडू ठेवला होता, जिथे थेंब पडेल तिथे जमिनीवर गोल आणि तारीख. महिन्याभरात दिसायला लागलं की पाणी जिथे पडतं तिथून ते शिरतच नाही, वर कुठेतरी कौल सरकलेलं असतं आणि पाणी वाशावरून हातभर खाली घरंगळत येऊन मग टपकतं. काही गोल एका पावसात आले आणि परत आलेच नाहीत, ती माकडांची करणी, आंब्याच्या फांदीवरून कौलांवर उडी मारतात आणि दोनचार सरकवून जातात, पुढच्या खेपेला तीच परत बसतातही. पण दोन ठिकाणी गोलावर गोल झाले होते, तिथे आढ्याजवळ लाकूडच कुजलेलं निघालं. ऑक्टोबरात काकांना तो खडूचा नकाशा दाखवला तर ते खूश झाले, सरळ तेवढेच वासे उतरवले. सीलिंग केलं असतं तर ह्यातलं काही दिसलंच नसतं, पाणी पीओपीच्या वर साठत राहिलं असतं आणि वाळवीला अंधार नि ओल दोन्ही फुकट.

लाकडाबद्दल अजून एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती. घर बंद पडलं की लाकूड का जातं? तर चूल बंद होते म्हणून. रोजचा धूर वर कौलांपर्यंत जायचा, वासे त्याने काळे व्हायचे, कोरडे राहायचे, कीड लागायची नाही. मुंबईला सगळे गेले, चूल विझली, आणि ज्या घराला वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं त्याचे वासे बघता बघता पोखरून निघाले. आमच्या स्वयंपाकघरात गॅसच आहे, पण न्हाणीतली पाणचूल आम्ही रोज पेटवतो, आंघोळीचं पाणी त्यावरच. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं, काळंकुट्ट, चिकट, त्याचा वास आठ दिवस नाकातून जात नाही आणि अंगाला लागलं तर भाजल्यासारखी कातडी सोलते, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट ह्यात तडजोड नको. होड्यांनाही हेच लावतात.

सिमेंटबद्दल मी आता गावभर सांगत सुटते. आमच्या भिंती जांभ्याच्या, मधे मातीचा सांधा, वर चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड, तो पावसाळ्यात ओल घेतो आणि नंतर सोडतो, चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, मग मीठ फुटतं, फुगे येतात, आतला सांधा मऊ पडतो, आणि लोक म्हणतात जुनं घर आहे, ओल येणारच. जिथे गिलावा पडला होता तिथे आम्ही चुन्यानेच भरला. गवंडी मिळायला वेळ लागला कारण चुन्याचं काम येणारी माणसं आता थोडी राहिलीत. चुना चांगला भिजवून मुरू द्यायचा, वाळू गोडी लागते, किनाऱ्यावरची खारी चालत नाही. सगळी नवीन भर म्हणजे टॉयलेट-बाथरूम, ती मागे वेगळ्या जोत्यावर काढली, जुन्या भिंतीला न जोडता. शोषखड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला आणि जेवढा लांब नेता येईल तेवढा लांब नेला, कारण जांभ्यातून पाणी झिरपतं तसं सांडपाणीही झिरपतं.

माजघराची जमीन शेणाचीच ठेवली. हा माझा हट्ट. शेजारच्या काकूंनी शिकवलं, आदल्या दिवशी जमीन झाडून भेगा मातीने बुजवायच्या, ताजं शेण पाण्यात कालवायचं, फार पातळ नाही, आणि आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करून उकिडवं बसून मागे मागे सरकत दाराशी यायचं. हात पंख्यासारखा फिरतो आणि एकाला एक लागून अर्धगोल उमटतात. माझे सुरुवातीला ओबडधोबड यायचे, काकू काही न बोलता त्यावरून हात फिरवायच्या. मे महिन्यात त्या जमिनीवर दुपारी सतरंजी टाकून पडलं की पंख्याचीही आठवण येत नाही.

गावाने आम्हाला कसं घेतलं हे वेगळं लिहायला हवं, पण एक सांगते. घराचे देव विकणाऱ्यांनी विधी करून आपल्याबरोबर नेले, ते बरोबरच होतं, पण देवघर रिकामं झालं आणि शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आपल्या दारात येईल का हे आम्हाला कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. मानकऱ्यांपैकी एकजण आपणहून आले आणि म्हणाले, पालखी घराला येते, तुम्ही फक्त अंगण सारवून ठेवा. त्या रात्री ढोल पाखाडीवरून वर येताना ऐकू आले, पालखी अंगणात टेकली, आणि गाऱ्हाण्यात जुन्या घरवाल्यांच्या नावामागून आमच्या दोघांची नावं घेतली गेली. नवरा इतका बोलका माणूस, त्याला नंतर अर्धा तास काही बोलवेना.

आता राहिलंय ते मागच्या पडवीचं छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यात ते उडालं आणि विकणाऱ्यांनी तेव्हा घाईत पत्रा टाकला, पावसात त्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हात तिथे उभं राहवत नाही. ते परत कौलांचं करायचंय. आमच्या कौलांच्या पोटावर बासेल मिशन ह्या कौलं बनवणाऱ्या स्विस मिशनरी संस्थेचा शिक्का आणि १८६५ आकडा आहे, तो त्यांचा मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल त्याच वर्षीचं असं नाही. अडचण अशी की एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, थोडी फट राहते आणि तिथूनच पाणी येतं, त्यामुळे नवीन आणून चालत नाही, ह्याच शिक्क्याची लागतात. वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे खूप जणांनी कौलं काढून पत्रे घातलेत आणि ती कौलं गडग्याच्या कडेला रचून पडलेली असतात. तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे अशी असतील तर कळवा, शिक्क्याचा फोटो पाठवा, पैसे देऊ आणि टेम्पो घेऊन आम्हीच येऊ. मे महिन्याच्या आत मिळाली तर ह्याच शाकारणीत बसवून टाकता येतील.