ढोराचा सर्रा माणसाला होतो का?

"साहेब, हा रोग माणसाले होते का जी?" सर्रा झालेल्या बैलाला इंजेक्शन देऊन मी हात धुवायला वळलो की मागून हा प्रश्न हमखास येतो. रोवणीच्या दिवसांत तर रोजच. विचारणाऱ्याची काळजी रास्त आहे. रात्रभर बैल एकाच जागी गोल गोल फिरलेला असतो, गव्हाणीला डोकं रेटत असतो. कोठ्याला लागूनच घरची माणसं झोपतात आणि बैलाला चावून हा रोग पसरवणारी गोमाशी त्यांनाही सोडत नाही. उभ्या उभ्या मी "नाही होत, काळजी करू नका" एवढंच म्हणतो. पण 'का नाही' हेही कळायला हवं, म्हणून जरा बसून सांगतो. उत्तर आपल्या रक्तातल्या चरबीत आहे.

या जंतूचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली तेव्हाच्या पंजाबात उंट-घोड्यांच्या रक्तात तो पाहिला. बैलाच्या कानाची शीर टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं की मायक्रोस्कोपखाली आधी जंतू दिसतच नाही, दिसते ती तांबड्या पेशींची चुळबुळ. निवांत पडलेल्या पेशी एकाच ठिकाणी धक्के खायला लागतात आणि त्यांच्यामधून तो वळवळत निघतो, पेशीच्या तीन-चार पट लांब. मी मालकालाही डोळा लावायला देतो. एकदा बघितलं की औषधाच्या पैशावरून घासाघीस होत नाही, हा माझा अनुभव.

आफ्रिकेतल्या त्याच्या सख्ख्या भावावर, ट्रिपॅनोसोमा ब्रुसीवर, पुष्कळ अभ्यास झालाय. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा थर असतो आणि प्रत्येक रेणू मिरिस्टिक आम्ल या चरबीच्या टोकाने पडद्यात रोवलेला. शरीराला ओळखू येऊ नये म्हणून हा थर तो बदलत राहतो, त्यामुळे ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मिरिस्टिक आम्ल रक्तात फार थोडं, ते तो स्वतः तयार करतो. कोलेस्टेरॉल मात्र आयतं घेतो, रक्तातून चरबी वाहून नेणारे एलडीएल-एचडीएलचे कण सरळ आत ओढून.

माणसाच्या रक्तात तो इथेच फसतो. आपल्या एचडीएलच्या काही कणांवर अपोएल-वन नावाचं प्रथिन बसलेलं असतं. उंदराला कणकेच्या गोळीतून औषध घालावं, तसा प्रकार. कण पोटात गेला की हे प्रथिन जंतूच्या आतल्या पडद्यांना भोकं पाडतं आणि तो फुगून मरतो. माणसाच्या रक्ताने हे जंतू मरतात हे अल्फोन्स लाव्हेरान यांनी १९०२ मध्येच पाहिलं होतं. मारेकरी कोण, ते कळायला २००३ उजाडलं. गाई-बैलांकडे हे प्रथिन नाही. चिंपांझीकडेही नाही, गोरिलाकडे आहे.

आणि पुढच्याच वर्षी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्र्याचा जंतू सापडला! जगातली अशी पहिली नीट नोंदलेली केस. ताप येत-जात होता. जागतिक आरोग्य संघटनेकडून सुरामिन हे औषध आलं, माणूस बरा झाला. तपासात निघालं की अपोएल-वनच्या जनुकाच्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन वरून घातलं, तर तोच द्रव जंतू मारू लागला. गोष्ट इथे संपली असती तर माझं "नाही होत" पक्कं झालं असतं. पण २०१६ साली व्हिएतनाममधल्या एका बाईची केस छापून आली. तिची जनुकं धड, प्रथिनही पुरेसं, तरी लागण झाली. कच्चं गोमांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती.

"मंग तूप जास्त खाल्लं त?" असंही एकाने विचारलं. उपयोग नाही हो. प्रश्न चरबी किती याचा नाही, तिच्यावर बसलेल्या प्रथिनाचा आहे, आणि ते तुपातून येत नाही. त्यापेक्षा हाताला चीर असेल तर आजारी ढोराच्या रक्ताला हात लावू नका. अन् घरात कुणाला येऊन-जाऊन ताप असेल, मलेरियाचं किट निगेटिव्ह येत असेल, तर डॉक्टरांना कोठ्यात सर्रा होता हे सांगा आणि रक्ताची स्लाइड बघायला लावा. किटवर हा जंतू उमटत नाही.