फी नसली की मुलं काय शिकतात?

जर्मनीतल्या हायडेलबर्गला आल्यावर पहिलं नवल वाटलं ते इथल्या मुलांच्या बिनधास्तपणाचं. माझ्या फ्लॅटमधला एक जण तत्त्वज्ञान आणि गणित अशी जोडी घेऊन बसलाय. दुसरी इथल्या दक्षिण आशिया संस्थेत जाऊन संस्कृत शिकते. "पुढे काय करणार?" असं विचारलं तर दोघंही "बघू" म्हणाले. आपल्याकडे बारावीच्या पोराने पाहुण्यांसमोर "बघू" म्हणून दाखवावं!

या निवांतपणामागे सरळ हिशेब आहे. सरकारी विद्यापीठात जर्मन मुलांना पदवीची फी नाही. 2006-07 च्या सुमारास काही राज्यांनी ती लावून पाहिली. विद्यार्थ्यांनी रान उठवलं आणि 2014 पर्यंत सगळ्यांनी ती मागे घेतली. घरची परिस्थिती बेताची असेल तर 'बाफॉग' ही सरकारी शिक्षण-मदत मिळते. त्यात निम्मी रक्कम मदत, निम्मी बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड कितीही झाली तरी 10,010 युरोंवर थांबते. एवढ्या कर्जाची भीती वाटून कुणी संस्कृत सोडत नाही.

माझं गणित वेगळं. आमचं राज्य, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून दर सेमिस्टरला 1,500 युरो घेतं. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात ते निराळेच. त्यामुळे डेटा सायन्स मी आवडीने घेतलं की कर्जाच्या हप्त्यांकडे बघून, हे मी स्वतःला फारसं विचारत नाही.

त्या संस्कृतवालीची धाकटी बहीण सुतारकाम शिकते. बारावीला मार्क चांगले होते, विद्यापीठात सहज गेली असती. पण तिला लाकूड आवडतं. काही दिवस वर्कशॉपमध्ये, काही दिवस शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार. पुढे परीक्षा देऊन 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर, झाली की इथल्या अधिकृत पात्रता-चौकटीत तिची पातळी पदवीधराइतकीच. हे मला जेवताना सांगितलं गेलं, तेव्हा अभिनंदन करावं की धीर द्यावा हे पटकन सुचेना. पंचाईत माझ्या एकट्याचीच झाली होती, बाकीचे मजेत जेवत होते.

म्हणून इथे सगळं समान आहे असं समजू नका. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते: कोण विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुममध्ये जाणार, कोण दुसऱ्या शाळेत. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील बस चालवतात. त्याच्या शिक्षकांनी त्याला 'दुसरी शाळा' सुचवली होती. आई हट्टाला पेटली म्हणून तो आज इथे आहे. आपल्याकडची चाळणी निदान सतराव्या-अठराव्या वर्षी लागते, इथे दहाव्या वर्षी. हे मला अजून पटलेलं नाही.

पैशाबद्दल ही मुलं एरवी गप्प असतात. कुणाच्या वडिलांचा पगार किती, हे वर्षभर एकत्र राहूनही कळत नाही. पण संपत्ती कराचा विषय निघाला की स्वयंपाकघरात रात्री एक वाजेपर्यंत आवाज चढतात. हा कर घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर 1997 पासून आकारला जात नाही. वारसा कर आहे, पण आई आणि वडील प्रत्येकी 4 लाख युरोपर्यंतची मालमत्ता मुलाला करमुक्त देऊ शकतात, आणि दर दहा वर्षांनी ही सवलत पुन्हा मिळते. तत्त्वज्ञानवाला, ज्याच्या नावावर म्युनिकमधला फ्लॅट होणार आहे, तोच कर वाढवा म्हणतो. बसवाल्याचा मुलगा विरोधात! त्याच्या काकांचं छोटं गॅरेज आहे, मोठे लोक वकील लावून सुटतील आणि फास काकांना बसेल, असं त्याचं म्हणणं.

मग मला विचारतात, तुमच्याकडे काय? वारसा कर 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये, असं मी सांगितलं. "आणि विद्यार्थी काय म्हणतात त्यावर?" असा पुढचा प्रश्न आला. आमच्या हॉस्टेलवर पॅकेजवर रात्र-रात्र गप्पा व्हायच्या, पण या करांचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही. तसंच सांगितलं. तत्त्वज्ञानवाल्याचा विश्वास बसला नाही, बसवाल्याच्या मुलाचा लगेच बसला.