थांबता येणारा कुत्रा

मध्य वेल्समध्ये राहायला आल्यापासून इथल्या शेतकऱ्यांशी हवामानाखालोखाल सर्वाधिक बोलणे होते ते त्यांच्या कुत्र्यांविषयी. आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा मुख्यतः राखणीसाठी असतो. लांडग्याची चाहूल लागताच त्याने भुंकावे आणि प्रसंगी अंगावर जावे, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असते. ब्रिटनमधून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला असल्याने इथल्या बॉर्डर कॉली या मेंढपाळी जातीच्या कुत्र्याला राखण करावी लागत नाही. त्याचे काम मेंढ्या वळून आणण्याचे, आणि तेही बहुधा तोंडातून आवाज न काढता.

या कामाची निकड कळण्यासाठी इथले डोंगर पाहावे लागतात. खालची कुरणे दगडी बांधांनी आणि तारांच्या कुंपणांनी विभागलेली असली, तरी माथ्यावरचे सामाईक रान बऱ्याच ठिकाणी उघडेच असते. तिथे प्रत्येक शेतकऱ्याचा कळप आपापल्या टापूत चरत राहतो, कारण त्या टापूची ओळख मेंढीकडून कोकराला मिळत आलेली असते. लोकर कातरणे, औषध पाजणे, कोकरे आईपासून तोडणे, अशा प्रत्येक कामासाठी मात्र हा विखुरलेला कळप गोळा करून खाली आणावा लागतो. क्वाड बाईक, म्हणजे चार चाकांची मोटारसायकल, काही अंतरापर्यंत उपयोगी पडते; पुढे नेच्यांचे रान, दलदल आणि सुटे दगड लागले की कुत्र्यावाचून गत्यंतर नसते.

कॉलीला मेंढ्यांमागे जायला शिकवावे लागत असेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती ओढ त्याच्या रक्तातच असते. कळपाला वळसा घालून माणसाच्या बरोबर समोरच्या बाजूस जाऊन उभे राहणे, मान खाली घालून मेंढीवर नजर रोखणे, दबत दबत पुढे सरकणे, ही सगळी मुळात लांडग्याच्या शिकारीचीच अंगे आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून टक लावणे आणि पाठलाग करणे तेवढे राखले गेले आणि चावण्याची व मारण्याची वृत्ती मागे ढकलली गेली. इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा बाप मोकळ्या स्वभावाचा आणि आई बुजरी पण करड्या नजरेची होती. हेम्प इतक्या शांतपणे काम करत असे, की मेंढ्या न बिथरता त्याच्यापुढे चालू लागत. हल्लीच्या बहुतेक कॉलींची वंशावळ मागे नेली तर त्याच्यापर्यंत पोहोचते.

त्यामुळे शिक्षणाचा बराचसा भाग थांबवण्याचा असतो. पिल्लाला आधी त्याचे नाव, बोलावल्यावर परत येणे आणि खाली बसणे एवढेच शिकवतात. ते मेंढीहून वेगाने पळू शकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ महिने ते वर्षाचे होईपर्यंत, जाणता माणूस त्याला कळपावर सोडत नाही, कारण मेंढी एकदा हातची निसटली की पिल्लाला नुसत्या पाठलागाची चटक लागते. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची पद्धत मी कुंपणाशी उभा राहून पाहत असतो. एका लहान कुरणात, कुत्र्यांना सरावलेल्या काही मेंढ्यांसह, तो काठी आडवी धरून मागे मागे चालत राहतो. तरणा कुत्रा वळसा घालून पलीकडे गेला की मेंढ्या आपोआप शेतकऱ्याकडे येऊ लागतात. आपल्या आणि मालकाच्या मध्ये कळप धरून ठेवण्याचा हा तोल कुत्र्याला एकदा जाणवला, की पुढचे पुष्कळ काम सोपे होते. मग ‘लाय डाऊन’ असा शब्द येतो. कुत्रा पोट जमिनीला टेकवतो, पण पुढचा एक पाय अधांतरीच राहतो आणि नजर मेंढीवरून हलत नाही. तो पाय खाली येईपर्यंत शेतकरी पुढचा हुकूम देत नाही. माझ्या मते त्याची सारी विद्या या धीरातच आहे.

घड्याळाच्या दिशेने वळसा घ्यायचा असेल तर ‘कम बाय’, उलट दिशेने ‘अवे’ आणि काम संपले की ‘दॅट्ल डू’. एवढे मोजके शब्द देशभर चालतात. बहुतेक कुत्र्यांना एक बाजू अधिक प्रिय असते, म्हणून नावडत्या बाजूचा सराव अधिक करून घ्यावा लागतो. अंतर वाढले की शब्दांऐवजी शिट्टी येते. ही शिट्टी म्हणजे दुमडलेल्या अर्धगोल पत्र्याचा तुकडा. तो तोंडात जिभेवर धरून वाजवतात. दोन कुत्रे एकाच वेळी कामाला असतील तर दोघांसाठी वेगवेगळे सूर ठरवावे लागतात.

तरीही प्रत्येक पावलाला मालकाकडे पाहणारा कुत्रा डोंगरावर फारसा कामाचा नसतो. धुके उतरले किंवा कुत्रा कड्यापलीकडे गेला की मालकाला काहीच दिसत नाही, आणि घळीत मागे राहिलेल्या चार मेंढ्या कुत्र्यालाच हुडकाव्या लागतात. म्हणूनच जुने शेतकरी सारखी शिट्टी फुंकणाऱ्याकडे थोड्या उपहासानेच पाहतात.

मेंढ्या वळण्याच्या स्पर्धांमध्ये हुकूम पाळणे आणि स्वतःच्या बुद्धीने वागणे या दोन्ही गुणांचा कस लागतो. ब्रिटनमधील नोंद असलेली पहिली स्पर्धा ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला येथे झाली. ती जिंकली मात्र वेल्समध्ये स्थायिक झालेल्या जेम्स थॉम्सन या स्कॉटिश माणसाने, ‘ट्वीड’ नावाच्या कुत्र्यासह. १९०६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय शीपडॉग संस्था आज वंशावळींची नोंद ठेवते. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक परीक्षकाकडे ठरावीक गुण असतात आणि चुकांगणिक ते कापले जातात. मेंढ्या पहिल्यांदा जागच्या हलवण्याच्या क्षणाला त्यांतले अवघे १० गुण आहेत. तरी खरी परीक्षा तिथेच होते असे मला वाटते, कारण तिथे बुजलेली मेंढी शेवटपर्यंत बुजलेलीच राहते.

सांभाळण्याच्या बाबतीत इथला शेतकरी भावनेपेक्षा शिस्तीला अधिक जागा देतो. कामाचा कुत्रा सहसा घरात नसतो. त्याची झोपण्याची जागा बाहेरच्या कोरड्या, वारा न लागणाऱ्या खोलीत असते. त्याला मेलेल्या मेंढीचे कच्चे अवयव कधीही खाऊ देत नाहीत. त्या अवयवांतील गाठींमधून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात, विष्ठेवाटे त्यांची अंडी गवतावर पसरतात, आणि मेंढीप्रमाणेच माणसाच्याही यकृतात व फुफ्फुसांत पाण्याच्या गाठी होऊ शकतात. हा रोग आटोक्यात आणण्यासाठी १९८० च्या दशकात वेल्समधील दक्षिण पोविस भागात कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी देखरेखीखाली जंतनाशक दिले जात असे. काम करताना गळपट्टा मात्र काढून ठेवतात, कारण तो तारेत अडकतो. कायद्यातही मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याच्या सक्तीतून सूट आहे.

एवढ्या मेहनतीची किंमत बाजारातही दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधील डॉल्गेलॉ गावच्या लिलावात किम नावाची जेमतेम वर्षाची कुत्री २७,१०० पौंडांना विकली गेली. हा आकडा अर्थातच अपवादात्मक आहे. पण तयार कुत्र्यासाठी काही हजार पौंड मोजणाऱ्यांची इथे वानवा नाही. विकत घेतलेला कुत्रा नव्या मालकाचे लगेच ऐकेलच असे नसते, कारण त्याच्या कानात जुन्या मालकाची शिट्टी बसलेली असते. म्हणून समंजस विक्रेता आपल्या शिट्ट्यांचे ध्वनिमुद्रण सोबत देतो, आणि घेणारा पहिले काही दिवस कुत्र्याला कामाला न लावता ते सूर स्वतःच्या तोंडात बसवत राहतो.