घारापुरीत दिसलेली पवनी

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून पाठव, असा शाळेतून निरोप आला. शाळेच्या आठवणी म्हणाल तर पोत्यानं आहेत. पण त्या रात्री डोळे मिटले आणि कानात लाँचचं इंजिन वाजायला लागलं. म्हणून तेवढंच लिहितो.

1998 सालचा जानेवारी. आम्ही नववीत होतो. त्याआधी शाळेची सहल म्हणजे रामटेक, नागझिरा, फार तर अंभोरा. त्या वर्षी इतिहासाच्या सरांनी वर्गात येऊन फळ्यावर एकच शब्द लिहिला, घारापुरी. म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं लेण्यांचं बेट. धानाची मळणी नुकतीच झाली होती, म्हणून घरी पैसे मागायची हिंमत झाली. बाबांनी एक पोतं धान विकलं. आईनं तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, "समुद्र पायजो, पन पान्यात उतरू नोको."

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातली पवनी. पवनी रोडहून छोट्या लाइनच्या गाडीनं इतवारी, मग नागपूरहून मोठ्या गाडीनं मुंबई. प्रवासाचं फारसं आठवत नाही, झोपलोच होतो. आठवतं ते गेटवेच्या पायऱ्यांवरून पुढे दिसलेलं पाणी. आम्ही वैनगंगेच्या काठची मुलं. श्रावणात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी आमच्या रोजच्या पाहण्यातली. पण पलीकडचा काठच नाही असं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या बाकावरचा मित्र ढिवराच्या घरचा. त्याचा आजा जन्मभर डोंगा चालवायचा आणि हाही सातवीपासून एकटा डोंगा पैलतीराला नेऊन आणायचा. बाकीचे आम्ही लाँचच्या बाकड्यांना घट्ट धरून बसलो होतो, एकदोघांना तर ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. हा मात्र कठड्याजवळ उभा राहून एकटक पाणी पाहत होता. बऱ्याच वेळानं खलाशाला म्हणाला, "याले धार कोनीकडे हाय?" खलाशाला आधी समजलंच नाही. मग समजलं तसं त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सांगितलं, की इथलं पाणी एकाच दिशेनं जात नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. आत येतं, बाहेर जातं. माझा मित्र पुढं कितीतरी वेळ गप्प होता. नदीच्या माणसाला ही केवढी मोठी बातमी आहे, हे मला आज कळतं.

गेटवेहून बेट 10 किलोमीटरच्या आसपास, लाँचला तासभर लागला. धक्क्यावर उतरलो तेव्हा ओहोटी होती आणि काठाचा काळा चिखल उघडा पडला होता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गावच्या बायका काकड्या, बोरं, ताक घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एका मावशीनं विचारलं, "कुठची रे पोरं तुम्ही?" भंडारा म्हटल्यावर तिला गाव लागेना. मग सरांनी सांगितलं, नागपूरच्याही पुढे. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि दोन काकड्या जास्त दिल्या. रात्री गावात दिवे असतात का, असं मी तिला विचारलं, तर संध्याकाळी काही तास जनरेटर चालतो म्हणाली. समोर सगळी मुंबई उजेडात आणि हे बेट अंधारात. 2018 साली समुद्राखालून केबल टाकून घारापुरीला वीज पोहोचल्याची बातमी वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा ती मावशीच आठवली.

लेण्यात शिरल्यावर सरांनी कुणाला बोलू दिलं नाही. म्हणाले, आधी डोळे अंधाराला सरावू द्या. हळूहळू खांब दिसायला लागले, मग खांबांच्या शेवटी समोरच्या भिंतीतून तो चेहरा. अठरा-वीस फुटांची सदाशिवाची मूर्ती, तीन मुखांची. मधला चेहरा डोळे मिटून शांत. आमच्या डावीकडचा रागीट, हातात साप. उजवीकडचा कोवळा, हातात कमळाची कळी. सरांनी आम्हाला एकेका बाजूनं फिरवून दाखवलं. म्हणाले, चौथं मुख पाठीमागे दगडात आहे असं समजायचं आणि पाचवं वर, ते दिसतच नाही. मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ जाड आणि भरलेला आहे. बाजूनं उजेड येत होता, तो त्या ओठावर थांबला होता. काळ्या बेसाल्टात कुणीतरी छिन्नीनं असा ओठ काढला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बाकीची शिल्पं पाहताना मात्र जीव हळहळला. नटराजाचे हात तुटलेले, कैलास हलवणाऱ्या रावणाचा भाग पार झिजून-फुटून गेलेला. सर म्हणाले, हे काम 6व्या शतकातलं. 1534 नंतर बेट पोर्तुगीजांकडे गेलं. इथला शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो पुढे हरवला. त्यामुळे लेणं कुणी कोरवलं त्याचं नाव कोरलेलं मिळत नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, त्यावरून अभ्यासक अंदाज बांधतात. बेटावरचा दगडी हत्ती आम्ही दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेत पाहिला. त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, तुकडे पुन्हा जोडून उभा केलेला आहे. सांधे बारकाईनं पाहा, असं सर सांगत होते.

पण माझ्यासाठी त्या दिवसातली खरी गोष्ट लेणं पाहून झाल्यावर घडली. परतीच्या लाँचला वेळ होता. बहुतेक मुलं माकडांपासून डबे सांभाळत जेवायला बसली. सर म्हणाले, ज्यांच्या पायात जोर आहे त्यांनी चला. आम्ही सात-आठ जण निघालो. पूर्वेकडच्या टेकडीवर झुडपांत मातीचा एक मोठा उंचवटा होता आणि त्यात विटा. कोरीव काम नाही, मूर्ती नाही, दुसरं कुणी माणूसही नाही. सर म्हणाले, हा बौद्ध स्तूप, खालच्या शिवाच्या लेण्याहून कितीतरी जुना. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "असं कुठं पाहिलंय का?"

कुणीच बोललं नाही. माझ्या मित्रानंच हळूच म्हटलं, "जगन्नाथ टेकडीसारखा दिसते, सर."

सरांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मी सांगू शकत नाही. ते तिथंच एका दगडावर बसले आणि आम्हाला पवनी सांगितली. 1969-70 साली पुरातत्त्व खातं आणि नागपूर विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीत आणि सुलेमान टेकडीत स्तूप निघाले, कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरं निघाली, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प मिळालं. ज्या टेकडीवर आम्ही शेळ्या चारल्या, घसरगुंडी खेळलो, तिच्याबद्दल आम्ही हे घरापासून इतक्या लांब, समुद्रातल्या बेटावर ऐकत होतो. गाव ज्या मातीच्या उंचवट्यानं वेढलंय तो तट आहे, हेही मला तिथंच कळलं. तोवर मी त्याला नुसता बांध समजत होतो.

मित्रानं आज्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. म्हाताऱ्यानं बोटानं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "आपल्या वैनगंगेचा पानी तिथं जाते का?" नाही, आपली नदी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून पूर्वेच्या समुद्रात जाते, असं आम्ही दोघांनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. त्यानं उरलेली बाटली घाटावर नेऊन नदीत ओतली. म्हणाला, "आता याले तोयी समुद्र पाहू द्या."

पुढच्याच शनिवारी सर आख्ख्या वर्गाला सायकलींवर जगन्नाथ टेकडीवर घेऊन गेले. मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि चौथीच्या मुलांना दरवर्षी त्याच टेकडीवर नेतो. आपल्या शाळेची मुंबईची सहल मधल्या काळात बंद पडली, असं ऐकलं. मुख्याध्यापकांना माझी मनापासून विनंती आहे, ती पुन्हा सुरू करा. पावसाळा संपला की लाँच चालू असतात, सोमवारी मात्र लेणी बंद असतात, तेवढं पाहून तारीख ठरवा. बरोबर यायला मी तयार आहे. पूर्वेच्या टेकडीवर जाणारी वाट मला अजून आठवते.