रोटर मधोमध असतानाही

“मोटरीच्या डिझाइनसाठी एवढं सॉफ्टवेअर असताना अजून वहीत समीकरणं कसली सोडवत बसता?” तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो. आजवर कुणाला ‘जुनी सवय’ म्हणालो, कुणाला ‘लायसन्स महाग पडतं’. दोन्ही थापा.

फायनाइट एलिमेंटशी, म्हणजे मोटरीचे बारीक तुकडे पाडून चुंबकीय क्षेत्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरशी, माझं वैर नाही. रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, बाजूला सरकला की सममिती संपते. मोटरीचा एक तुकडा सोडवून भागत नाही, पूर्ण ३६० अंश घ्यावे लागतात. ते संगणकाचंच काम. शिवाय माझ्या वहीतलं लोखंड कधी सॅच्युरेट होत नाही, म्हणजे चुंबकत्वाने भरून जात नाही; मोटरीतल्या खऱ्या दाताचं होतं. हे मला कळतं. दरवेळी कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता ती मोटर. ९ स्लॉट (वाइंडिंगच्या खाचा), ८ पोल (चुंबकाचे ध्रुव), रोटरवर चिकटवलेले चुंबक. लोड घेतला की गुणगुणायची. एंड शील्डला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या टोकाच्या झाकणाला, मापाचा डायल लावला तर बेअरिंगचं बोअर (भोक) ०.१ मिमी सरकलेलं. एअर गॅप, म्हणजे रोटरभोवतीची फट, ०.८ मिमी. म्हणजे साडेबारा टक्के! मला चोर सापडला. मॉडेलमध्ये रोटर तेवढा सरकवला, पूर्ण करंट दिला. रोटर एका बाजूला ओढणारं भक्कम बल आलं. रंगीत चित्रासकट रिपोर्ट दिला.

एंड शील्ड करून देणारा माणूस मीटिंगला आला होता. तो एवढंच म्हणाला, “साहेब, आधीच्या मोटरीतही एवढा फरक असायचा. ती कुठे ओरडायची?” आधीची मोटर १२ स्लॉट, ८ पोलची होती. त्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं. मी त्याला स्क्रीनवरचं चित्र दाखवलं. तो गप्प बसला. लॉट रिजेक्ट झाला, खर्च त्याच्या माथी.

नवीन एंड शील्ड आल्या. बोअर ०.०२ मिमीच्या आत. मोटर तशीच गुणगुणत होती.

त्या रात्री वही काढली. ८ पोल म्हणजे चुंबकांच्या क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण अशा ४ जोड्या. ९ स्लॉटच्या वाइंडिंगमधून ४ जोड्यांच्या क्षेत्राबरोबर ५ जोड्यांचंही निघतं. बल क्षेत्राच्या वर्गावर जातं, त्यामुळे ४ आणि ५ यांचा गुणाकार होतो, आणि फरक १ आला की ओढ एकाच दिशेला. रोटर सरकल्यावरही हेच होतं: फटीतला चढउतार ४ मधून ३ आणि ५ काढतो. पण इथे ५ आधीच हजर होता, रोटर मधोमध असतानाही. १२ स्लॉटच्या आधीच्या मोटरीत तो नव्हताच. मग मॉडेलमध्ये रोटर शून्यावर, म्हणजे अजिबात न सरकवता, ठेवून चालवलं. बल जवळपास तेवढंच.

साडेबारा टक्केही फसवेच होते. चुंबक ३ मिमी जाड, त्याची सापेक्ष पारगम्यता १.०५, म्हणजे जवळपास हवेसारखाच, त्यामुळे चुंबकीय हिशेबात फट ०.८ नाही, साधारण ३.६६ मिमी. तिच्यात ०.१ म्हणजे पावणेतीन टक्के.

तुम्ही म्हणाल, शून्याचा रन आधीच घेतला असता तर? हो. सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. ‘मधोमध रोटरला ओढ कसली, त्यात तपासायचं काय?’ असा माझा तोरा होता. आणि वहीने तरी वाचवलं असतं का? झू, हाउ आणि सहकारी या संशोधकांनी १९९३ मध्ये मधोमध रोटरचं क्षेत्र चार भागांत मांडलं. मी पहिला भाग, नुसत्या चुंबकांचा, वहीत उतरवला होता. त्यावर किम आणि लियू यांची १९९८ ची युक्ती, रोटर जरासा सरकला तर काय बदलतं ती, जोडलीही होती. दुसरा भाग, वाइंडिंगचा, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला होता. तेव्हा वही उघडली असती तर तीही रोटर सरकल्याचंच सांगून मोकळी झाली असती. म्हणून वही श्रेष्ठ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फरक इतकाच, की वहीत बलाची प्रत्येक बाब वेगळ्या ओळीवर येते. स्क्रीनवर सगळ्यांची बेरीज.

त्या माणसाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझ्या लॉटचं काय?” लॉट तोवर भंगारात गेला होता.

सध्या हातात चुंबक आत पुरलेला रोटर आहे. त्यातले लोखंडाचे पातळ पूल मुद्दामच सॅच्युरेट केलेले असतात, त्यामुळे वही तिथे फारशी चालत नाही. तरी पहिलं पान लिहिलं. १२ स्लॉट, १० पोल. ५ आणि ७. फरक २. मग सॉफ्टवेअर उघडलं आणि रोटर शून्यावर ठेवला.