बाहाची रोल केज: सांध्यांचे काम

'बाहा एसएई इंडिया' ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली. मध्य प्रदेशातील पीथमपूरला मातीच्या, उंचवट्यांनी भरलेल्या वाटेवर विद्यार्थ्यांनीच बांधलेल्या एकासनी गाड्या सलग चार तास धावतात. पुण्यात शिकत असताना आमच्या चमूत रोल केजची, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याची, जबाबदारी माझ्याकडे होती. सांगाड्याचे बरेवाईट संगणकावरच्या आराखड्यापेक्षा दोन नळ्या जिथे भेटतात त्या सांध्यात अधिक ठरते, हे मला त्या वर्षी कळले.

मुख्य नळीसाठी नियमपुस्तिकेतील मूळ माप २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन असे होते. वाकण्याच्या बाबतीत तितकीच ताठ आणि मजबूत ठरणारी दुसरी नळीही चालते, मात्र तसे गणिताने सिद्ध करावे लागते. आम्ही २९.२ मिमी व्यासाची, १.६५ मिमी जाडीची ४१३० क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, नळी घेतली. ताठपणाच्या दृष्टीने सगळी पोलादे जवळपास सारखीच असतात, त्यामुळे फरक पडतो तो धातू नळीच्या मधल्या अक्षापासून किती लांब आहे याने. व्यास थोडा वाढवला की जाडी कमी करूनही ताठपणा टिकतो. मूळ नळीचे वजन मीटरला सुमारे १.६३ किलो, आमच्या नळीचे १.१२ किलो. सुमारे १० अश्वशक्तीचे इंजिन सर्वांना सारखेच असताना मीटरमागे वाचलेला हा अर्धा किलो फार मोलाचा असतो.

पातळ नळीची किंमत मात्र सांध्यात मोजावी लागते. एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर बसावे म्हणून ते माशाच्या उघड्या तोंडासारखे कापतात. यालाच नॉचिंग म्हणतात. आम्ही प्रत्येक टोकाचा उलगडलेला आकार कागदावर खऱ्या मापात छापून घेत असू, तो नळीभोवती गुंडाळून खूण करत असू, ग्राइंडरने कापत असू आणि शेवटी अर्धगोल कानसीने घासत असू. भोसरीच्या ज्या शेडमध्ये हे काम चाले, तिथले वेल्डर काका प्रत्येक सांध्यामागे विजेरी धरून पाहत. "उजेड दिसतोय तिथे मी वेल्डिंगची टॉर्च लावणार नाही," एवढे बोलून ते नळी परत देत. तेव्हा राग येई, पण त्यांचे बरोबर होते. पातळ नळीत एक मिलिमीटरची फट राहिली तरी टिग वेल्डिंग (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडणे) करताना कडा वितळून मागे सरकते, फट भरायला फिलर, म्हणजे भरणीची तार, जास्त लागतो, जास्त उष्णता आत जाते आणि थंड होताना सांधा तितकाच जास्त आक्रसतो.

हा आक्रस आम्हाला महागात पडला. एका संध्याकाळी घाई म्हणून मी डाव्या बाजूचे सगळे सांधे सलग पूर्ण करून घेतले. सकाळी सांगाडा फिक्स्चरमधून, म्हणजे नळ्या जागेवर पकडून ठेवणाऱ्या चौकटीतून, सोडवला आणि मागच्या हूपचे, म्हणजे चालकाच्या पाठीमागच्या नळ्यांच्या चौकटीचे, दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांत ७ मिमीचा फरक निघाला. सस्पेन्शनचे ब्रॅकेट या हूपवरूनच मापून बसवायचे असल्याने तो तसाच चालवून घेणे शक्य नव्हते. खालच्या दोन नळ्या कापून आम्ही नव्याने नॉच केल्या आणि या वेळी आधी संपूर्ण सांगाडा टॅक केला, म्हणजे प्रत्येक सांधा छोट्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडला. मग प्रत्येक सांध्याचा पाव घेर, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, असे करत पुढे गेलो. सांधा पाण्याने थंड करायचा नाही, हा काकांचा नियमही काटेकोर पाळला, कारण क्रोमोली एकदम थंड झाली की सांध्यालगत ठिसूळ होते. दोन दिवस जास्त गेले, पण कर्णांतील फरक एका मिलिमीटरच्या आत आला.

तांत्रिक तपासणीसाठी त्याच नळीचे, त्याच हाताने जोडलेले दोन नमुने द्यावे लागतात. काटकोनातला नमुना तुटेपर्यंत ओढायचा आणि तो वेल्डमध्ये न तुटता नळीतच तुटला पाहिजे. ३० अंशांचा नमुना लांबीत चिरून वेल्ड किती खोल गेले आहे ते दाखवायचे. आमचा पहिला नमुना वेल्डपासून बोटभर अंतरावर तुटला. तो तुकडा मी काकांना नेऊन दिला, तेव्हा त्यांनी आधी चिरलेला दुसरा नमुना मागितला, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि आपल्या कपाटात ठेवला.