18 मीटरवरून वर येताना

दिवसाची दुसरी डाइव्ह. 18 मीटरवर प्रवाळाच्या भिंतीलगत पोहताना पुढच्याच्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहायच्या वल्ह्यासारख्या पात्याचा, फटका माझ्या मास्कला बसला आणि मास्क पाण्याने भरला. खारं पाणी नाकात गेलं. मास्क रिकामा करायचा सराव मी कितीतरी वेळा केला होता, पण त्या क्षणी डोक्यात एकच उरलं: वर जायचं. जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण मी दाबून धरलं आणि पाय मारत सुटले.

सुरुवातीला जेमतेम हलले. मग वरून कोणी दोरीने खेचतंय असं वाटायला लागलं. खोली दर 10 मीटरने वाढली की दाब एका वातावरणाने वाढतो. वर येताना तो उतरतो आणि जॅकेटमधली हवा फुगते. फुगली की जास्त उचलते, उचललं की आणखी फुगते. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर पिंपिं करत होता, मला काही दिसत नव्हतं.

11 मीटरवर डाइव्हमास्टरने, आम्हाला पाण्याखाली नेणाऱ्या वाटाड्याने, माझा पाय पकडला. जॅकेटमधली हवा सोडली, खांद्याचा पट्टा घट्ट धरला आणि मी मास्क रिकामा करेपर्यंत तसाच थांबला. डोळे चुरचुरत होते. समोर दिसले ते त्याच्या तोंडातून निघणारे बुडबुडे. निघताना मण्याएवढे, डोक्यावरून वर जाताजाता पसरट, बशीएवढे होत होते. तो स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवत होता: श्वास सोडत राहा.

वर्गात वाचलेलं तेव्हा कळलं. 10 मीटरवर घेतलेला श्वास रोखून पृष्ठभागापर्यंत आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. त्यासाठी फार खोल असावं लागत नाही, एक-दीड मीटरही पुरतो.

नायट्रोजनचं दुखणं मात्र उशिरा कळतं. खोलवर श्वासातल्या हवेतला हा वायू रक्तात, चरबीत विरघळत जातो. दाब झपाट्याने उतरला की तिथेच बुडबुडे धरतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, कधी लकवाही मारतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबाच्या हवेत काम करणाऱ्यांना हेच झालं होतं. 1872 मध्ये मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यानेच अंथरुणाला खिळले.

म्हणून मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. 18 ते 11 हे अंतर मी काही सेकंदांत कापलं होतं. पुढचं आम्ही इतकं सावकाश चढलो की मला रडू येत होतं. 5 मीटरवर दोरी धरून त्याने मला दुप्पट वेळ थांबवलं.

बोटीवर त्याचा पहिला प्रश्न होता, "श्वास रोखला होतात?"

"नाही. ओरडत होते."

"म्हणजे हवा बाहेर जात होती. बरं झालं."

खबरदारी म्हणून ऑक्सिजन लावला. दर थोड्या वेळाने तो विचारायचा: कोपर? गुडघा? मुंग्या? तिसरी डाइव्ह रद्द. दोन डाइव्ह झाल्यावर विमानात बसायला निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात, कारण केबिनमध्ये दाब आणखी कमी असतो. माझं विमान जेमतेम तेवढ्यावर होतं. मी ते एक दिवस पुढे ढकललं.

त्या रात्री कितीतरी वेळ मी डावं कोपर वाकवून, सरळ करून पाहत होते.